दंडावरचं कुळ

नालासोपारा स्टेशनवरून आचोळ्याकडे येणाऱ्या दंडांवर हल्ली अख्खं कुळ गोंदलेलं भेटतं: मधोमध आडनाव, वर वाघ, मागे दोन तलवारी. माझ्याही आडनावाला राजमुद्रा शोभेल याबद्दल मला कधी शंका नव्हती; अडचण एवढीच की एकाही पूर्वजाने ती वापरल्याचा पुरावा नाही. धीर येतो तो आयरिश लोकांकडे पाहून. अमेरिकेतले त्यांचे वंशज आडनावाची ढाल हौसेने गोंदवून घेतात. पण वंशचिन्हांच्या नियमाप्रमाणे ती ढाल एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळालेली असते, त्या आडनावाच्या सगळ्या गावाला नव्हे. म्हणजे बहुतेकजण दुसऱ्याच्या दारावरची पाटी मिरवतात. आणि आपला आयर्लंडशी काय संबंध, असंही कुणी म्हणू नये. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं पेटंट १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीने घेतलं, आईबाप आयरिश. यंत्राचा आधार एडिसनचं १८७६ सालचं इलेक्ट्रिक पेन. ते पेन कशासाठी? तर कचेरीतल्या कागदांच्या नकला काढायला! सुई कागदाला बारीक भोकं पाडायची, त्यातून शाई खालच्या कागदावर उतरायची. तेव्हा वाघ कितीही डरकाळ्या फोडो, तो उतरलाय कारकुनी हत्यारानेच. विरार लोकलला लटकून कचेरी गाठणाऱ्या आमच्यासारख्यांना याहून रास्त राजमुद्रा कुठली?

कुणी म्हणेल, हौस आहे, करू द्या. करा की, फक्त तिला वारसा म्हणू नका. घराण्याचं म्हणावं असं गोंदण त्याच घरात, ओट्यावर बसलेल्या आजीच्या हातावर असतं. कातडी सैल पडली तशी तुळस वाकडी झालेली, रंग हिरवट पडलेला. बांगड्या मागे सारल्या की मनगटावर चार ठिपके. यावर खरा आक्षेप असा, की तिला तरी कुणी विचारलं होतं? लहान पोरीचा हात दाबून धरायचा आणि काजळीत बुडवलेल्या सुया टोचायच्या, ही परंपरा कशाला कवटाळायची? आक्षेप बिनतोड आहे, आणि मला चीड येते ती इथेच. तलवारी आम्ही निवडून, पैसे मोजून, बधिर करणारं मलम चोपडून काढतो. शिक्का सोसला बायकांनी, तोही बहुधा दुसऱ्याच्या घरी नांदायला जाण्यासाठी. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं त्या म्हणत आल्या. ठिपके पुन्हा कुणाला टोचू नका. पण वाघाचा अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी आजीजवळ बसा. कुणी टोचले, कुठे, कशासाठी, ते विचारून लिहून घ्या. तिच्यामागे हे सांगणारं घरात कुणी नाही.