लिनक्सवाला

"बंद कुठे पडलाय? चालूच आहे. फक्त दिसत नाहीये!" काळ्याकुट्ट स्क्रीनसमोर बसून असं जो ठणकावून सांगतो, तो लिनक्सवाला. बरं, माणूस खोटं बोलत नाही. युनिक्सच्या घराण्यात पडद्यावर चित्र काढणं हे एका निराळ्या प्रोग्रॅमचं काम. तो आडवा झाला तरी खालची यंत्रणा ठणठणीत असते. पण मुलीला सकाळी शाळेत प्रोजेक्ट द्यायचाय आणि प्रिंट निघत नाहीये, तेव्हा हे ऐकून कोण घेणार?

पासवर्ड टाकावा, स्क्रीन क्षणभर काळी व्हावी आणि पुन्हा पासवर्डच मागावा, असं चाललेलं. "तूच बदलला असशील," बायको म्हणते. लिनक्सवाल्याच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलेलं. कंट्रोल, ऑल्ट, एफ-थ्री एकदम दाबून तो काळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या मुलखात शिरतो आणि लॉग उघडतो. कंसात दोन 'ई' म्हणजे चूक, दोन 'डब्ल्यू' म्हणजे नुसती ताकीद. शहाणा माणूस फक्त 'ई' बघेल. हा ताकिदीही मोठ्याने वाचतो.

वाचता वाचता इतिहास सुरू होतो. पडद्यावर चित्र काढणारा तो प्रोग्रॅम म्हणजे एक्स. ते १९८४ साली एमआयटीत जन्मलं, १९८७पासून अकराव्या आवृत्तीवरच आहे. पूर्वी मॉनिटरची फ्रिक्वेन्सी हाताने लिहावी लागे, चुकली तर मॉनिटरच जळायची भीती. "आता ती मजा राहिली नाही!" लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने २०१२मध्ये फिनलंडात भर सभेत ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, तो प्रसंग साभिनय होतो, मुलगी समोर असल्याने करंगळीवर भागवलं जातं.

अखेर गुन्हेगार सापडतो. स्वतःच्याच होम फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी नावाची फाइल रूट या सर्वाधिकारी खात्याच्या मालकीची झालेली. आपल्या सातबाऱ्यावर भलत्याचंच नाव चढावं, तसं. कुणीतरी 'सुडो' लावून, म्हणजे रूटचा अधिकार वापरून, स्टार्टएक्स चालवलं की हे असं होतं. घरात सुडोचा अधिकार एकालाच आहे.

"होतं असं कधीकधी," तो एवढंच म्हणतो, आणि एका ओळीत फेरफार करून टाकतो. डेस्कटॉप हजर!

तोवर मुलगी शेजाऱ्यांकडून प्रिंट घेऊन आलेली असते. त्यांच्याकडे विंडोज आहे, हे तिने सांगायला नको होतं. उद्या संध्याकाळी तो पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे चहाला जाणार आहे.