मारुतीचा पंचम

आमच्या मारुती आठशेला गळा आहे, हे आम्हाला रायपूरच्या तेलीबांधा तलावाच्या कडेनं जाताना कळलं. नवा डेक बसवून दुकानातून नुकतेच निघालो होतो. गाणं अजून लावलंही नव्हतं, तोच मागच्या स्पीकरांतून बारीक ‘कुंऽऽई’ असा सूर आला. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तसा तो वर चढला, पाय काढला तसा खाली उतरला. सिग्नलला थांबलो, तर तोही एका जागी थरथरत उभा राहिला.

“अहो, मींड घेतेय ही,” आमची ही म्हणाली.

हिचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. ही खैरागडला गाणं शिकली आहे. तिथल्या राजा-राणीनं मुलीच्या, इंदिरेच्या, नावानं आपला राजवाडा देऊन १९५६ साली संगीताचं विद्यापीठ उभं केलं. त्या राजवाड्यात बसून ज्या बाईनं तानपुरे जुळवले, तिला गाडीचा सूर ऐकून गप्प बसवत नाही. तिनं डोळे मिटले, गुडघ्यावर बोटांनी काहीतरी मोजलं आणि तलाव संपायच्या आत निकाल दिला, “आवाज चांगला आहे. तालीम नाही.”

गाडी मुलाची. एमएच एकतीस, म्हणजे नागपूरची. तो पुण्याला गेला, तिथं त्यानं मोठी गाडी घेतली आणि ही आमच्या पदरात पडली. येताना तिनं दोन गोष्टी वाटेत टाकल्या होत्या, डाव्या बाजूचा आरसा आणि स्पीडोमीटर. काटा शून्यावर समाधी लावून बसलेला. मुलाला फोन केला तर म्हणाला, “बाबा, तुम्ही चालवणार. शून्यच बरोबर आहे.”

डेक हवा होता तो नागपूरसाठी. रायपूरच्या मराठी माणसाला वर्षातून चार-पाच वेळा नागपूर सुटत नाही. लग्न, मुंज, बारसं, तेरवी. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, भंडारा करत जवळपास तीनशे किलोमीटर. भोसल्यांच्या फौजा नागपूरहून छत्तीसगडात आल्या त्या डेकशिवाय आल्या, हे मला मान्य आहे. पण त्यांच्या शेजारच्या सीटवर कुणी भावाच्या मुलाच्या आहेराचा हिशेब करत बसलेलं नव्हतं.

दुकानातल्या पोरानं चाळीस मिनिटांत काम उरकलं. वायरींची सालं दातांनी सोलली, टोकं पिळली, वर काळी टेप गुंडाळली, मागच्या सीटखाली एक छोटा अ‍ॅम्प सरकवला आणि तोंडातला ऐवज गालात सरकवून म्हणाला, “फिकर झन करव कका, बने बाजही.” बने, म्हणजे छान, वाजेल हा त्याचा शब्द होता. काय वाजेल, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस त्या आवाजाचा आम्हाला फायदाच झाला. ही शेजारी बसून सुरावरून वेग सांगू लागली. “मध्यमावर आहात, ठीक आहे.” “पंचम लागला, आवरा.” एकदा व्हीआयपी रोडवर मी वरच्या षड्जाला हात घातला, तेव्हा तिनं हँडब्रेककडे पाहिलं. यात एक खोट होती. सूर इंजिनाच्या फेऱ्यांवर चढतो, गाडीच्या वेगावर नाही. तिसऱ्या गिअरमधला पंचम आणि चौथ्यातला पंचम यांत मोठं अंतर पडतं. पण हिनं आठवड्याभरात चारही गिअरांचे चार थाट बसवले. मी गिअर टाकला की ती पट्टी बदलायची.

बिनसलं ते नागपूरच्या वाटेवर. भीमसेनांची कॅसेट मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. पंडितजी एका पट्टीत, मारुती दुसऱ्या पट्टीत. देवरीच्या घाटापर्यंत हिनं सोसलं. मग म्हणाली, “दोघांपैकी एकाला गप्प करा. आणि ते पंडितजी नकोत.”

परत आल्यावर सल्ले सुरू झाले. महाराष्ट्र मंडळातल्या एका स्नेह्यांनी फिल्टर लावायला सांगितलं. लावला, आवाज तसाच राहिला, फक्त मागं ‘फिल्टर आहे’ एवढं समाधान जमा झालं. एकानं नवे स्पीकर सुचवले. मुलगा म्हणाला, गाडी विका. शेवटी शेजारचे सरदारजी आले. यांचा जन्म ट्रकच्या धंद्यात गेलेला. त्यांनी डेकचा आवाज शून्यावर आणला. ‘कुंई’ तशीच. मग सीटखाली हात घालून डेकमधून अ‍ॅम्पला गाणं आणणाऱ्या पिनच्या वायरी उपटल्या. ‘कुंई’ बंद. वायरी खोचल्या, पुन्हा सुरू. ते कंबर सरळ करत म्हणाले, “अर्थ सही नहीं लगा है, साब।”

मी छत्तीस वर्षं कोषागारात काढली. अर्थ नीट लागला नाही, हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांवर लिहीत आलो. शिवाय हे रायपूर. लोकमान्यांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच गावचे म्हणून ओळखले जातात, त्यांच्या नावाची शाळा इथं आहे. मराठी माणसानं इथं अर्थ लावून दिलेला आहे. मी ठरवलं, हाही आपणच लावायचा.

मे महिना होता, म्हणून रविवारी सकाळी सहालाच बॉनेट उघडलं. ही मोठी चूक झाली. सहा ही तलावावर फिरायला जाणाऱ्यांची वेळ. आमच्या तलावाच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. तिथं मुंबईसारखा समुद्र नाही, पण उपदेशाला भरती रोज येते. पाच मिनिटांत माझ्याभोवती चार कॅनव्हासचे बूट आणि एक काठी उभी होती. काठीवाले आजोबा छोट्या लाइनच्या गाडीतून धमतरीला जाणाऱ्यांपैकी. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी तेलीबांध्याला थांबायची. आता त्या रुळांच्या जागी एक्स्प्रेस-वे झाला. “त्या गाडीत कसलाच आवाज नव्हता,” ते म्हणाले. हे साफ खोटं आहे. ती गाडी घरातली भांडी हलवायची.

दहाचा पाना घेऊन मी बॅटरीच्या लाल टोकापासून सुरुवात केली. पान्याचं दुसरं टोक बॉनेटच्या पत्र्याला टेकलं आणि निळा-पांढरा लोळ उठला. चार बूट आणि काठी एकदम मागं सरली. आजोबांना काठीशिवाय इतक्या चपळाईनं चालताना मी प्रथमच पाहिलं. सरदारजी कुंपणापलीकडून ओरडले, “पहले माइनस! माइनस!” गाडीचा सगळा पत्रा वजा टोकाला जोडलेला असतो, त्यामुळे अधिक टोकावरचा पाना पत्र्याला लागला की मध्ये फक्त पाना उरतो. वजा टोक आधी सोडवलं की पत्रा निर्जीव होतो, मग पाना कुठंही नाचवा. जोडताना उलट, वजा शेवटी. माझ्या पान्याला त्या दिवशी पडलेला वाटाण्याएवढा खड्डा अजून आहे. हिनं तो पाना देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय.

मग डेक बाहेर ओढला. टेप उन्हानं पाघळून चिकट झाली होती, पिळलेली टोकं उघडी पडून एकमेकांकडे वाकून बघत होती. रायपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत काळी टेप टिकत नाही. जोड डाग देऊन आणि वर आक्रसणारी रबरी नळी चढवूनच करावा. वायरींचे रंग बघून मी गोंधळलो, पण टॉर्च धरून उभी असलेली ही गोंधळली नाही.

“पिवळी हळद, लाल कुंकू, काळा बुक्का,” ती म्हणाली. “यात काय कळायचंय?”

आणि अगदी बरोबर निघालं. पिवळी थेट बॅटरीवर, कायमची, घड्याळ आणि लावलेली स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल किल्लीवर, किल्ली फिरली तरच जागी होते. काळी पत्र्याला. दुकानातल्या पोरानं हळद-कुंकवाची अदलाबदल केली होती, म्हणून आमचं घड्याळ गाडी सुरू केली की रोज बारा वाजवायचं. राहिलेल्या वायरी जोडीनं होत्या. पांढरी-राखाडी पुढच्या स्पीकरांच्या, हिरवी-जांभळी मागच्यांच्या, प्रत्येकीच्या जोडीला काळ्या रेघेची बहीण. ती रेघवाली काळी समजून पत्र्याला लावायची नाही, डेक जळतो. हे सरदारजींनी दोनदा बजावलं. स्वतः एकदा लावून बघितल्याशिवाय माणूस दोनदा बजावत नाही.

खरी भीती वाटली ती पुढं. अ‍ॅम्पला जाणारी जाड वायर बॅटरीतून निघून इंजिनामागच्या पत्र्यातल्या भोकातून आत आली होती. भोकाला रबरी कडं नव्हतं. पत्र्याच्या कडेनं वायरीचं आवरण इतकं घासलं होतं की आतलं तांबं चमकत होतं. आणि त्या वायरीला फ्यूजही नव्हता. म्हणजे देवरीच्या घाटात हादरे खात ते तांबं कधीही पत्र्याला टेकलं असतं, आणि मग मींड वगैरे काही उरलं नसतं. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. जुन्या मोजणीतला हात अठरा इंचांचा, आणि परदेशी माहितीपत्रकातही नेमके तेवढेच इंच दिलेले असतात. डेकचा दहाचा फ्यूज मध्यंतरी दोनदा उडाला होता, तेव्हा मी हुशारीनं तिसाचा घातला होता. सरदारजींनी तो चिमटीत धरून मला दाखवला. “फ्यूज तार को बचाने के लिए होता है जी, गाने को नहीं।”

हे पाप माझं एकट्याचं नाही, एवढं मात्र सांगायला हवं. १९३० साली शिकागोत पॉल गॅल्व्हिन आणि त्याच्या भावानं गाडीत बसणारा रेडिओ बाजारात आणला, ‘मोटर’वरून नाव ठेवलं मोटोरोला. तेव्हाही मुख्य डोकेदुखी हीच, इंजिनाच्या ठिणग्यांची रेडिओत होणारी तडतड. कर्ज हवं म्हणून त्यांनी बँकेतल्या साहेबाच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासात ती पॅकार्ड पेटली, अशी गोष्ट सांगतात. कर्ज मिळालं नाही. कोषागारातला माणूस म्हणून मी साहेबाच्या बाजूनं आहे.

आमची गाडी तडतडत नव्हती, गुणगुणत होती. तडतड प्लगची, गुणगुण अल्टरनेटरची. अल्टरनेटरमधली वीज उलटसुलट वाहते, तिला डायोड एका दिशेला लावतात, पण तिची लहर पूर्ण जात नाही. डेकचा अर्थ पुढं एका जागी, अ‍ॅम्पचा मागं दुसऱ्या जागी. दोन्ही जागांमधल्या पत्र्यात किंचित फरक पडला की ती लहर पिनच्या वायरीतून शॉर्टकट काढते आणि अ‍ॅम्प तिला गाणं समजून मोठ्यानं म्हणतो. मी सीट काढली, गालिचा उचलला. अ‍ॅम्पच्या काळ्या वायरीचं थिंबल रंगवलेल्या पत्र्यावरच बोल्टानं आवळलेलं होतं. रंगातून वीज कशी जाणार? पॉलिश पेपर घेऊन रुपयाएवढी जागा खरवडली, पत्रा चांदीसारखा लख्ख निघाला, वायर वीतभर ठेवून थिंबल तिथं आवळलं.

वजा टोक जोडलं. किल्ली फिरवली. चारही बूट खिडकीशी वाकले. ‘कुंई’ होती, पण आता लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखी. राहिलेली कसर सरदारजींनी काढली. पिनची वायर आणि जाड वायर एकाच बाजूनं, एकमेकींना चिकटून नेली होती. एका बांधावर भाऊबंद ठेवल्यासारखंच ते. पिनची वायर दुसऱ्या दारानं नेली, अ‍ॅम्पचं शेवटापर्यंत पिळलेलं बटण मागं घेतलं. सगळं शांत झालं. इतकं शांत की आजोबांचं घड्याळ ऐकू आलं.

संध्याकाळी दोघंच निघालो. तलावावरचा उंच तिरंगा मागं गेला, व्हीआयपी रोड लागला, पंडितजी एकटेच गात होते. ही बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, “अहो, आपण किती वेगानं चाललोय?”

मला सांगता येईना. स्पीडोमीटरची केबल दुसऱ्या दिवशी बदलून घेतली. मजुरीसकट चारशे रुपये लागले.