रोवणी कधी?

धानाचे पऱ्हे किती दिवस ठेवायचे? लाखांदुरात विचारा, तुमसरात विचारा. तीन-चार आठवडे, फार तर. त्यापुढे रोवणी लांबली की फुटवे कमी आणि उतारा कमी. भंडारा जिल्ह्यात हे शाळकरी पोरही सांगेल.

मग अमेरिकेत गेलेला आपला मुलगा बारा वर्षे पऱ्ह्यातच उभा आहे, त्याचे काय?

फोन येतो, “व्हिसाची मुदत वाढली!” घरात पेढे येतात. एच-1बी व्हिसा मिळतो 3 वर्षांचा, वाढतो 6 वर्षांपर्यंत. पुढे देश सोडा, असा मूळ नियम. 2000 साली अमेरिकी संसदेने त्यात एक वाट काढली. कायम निवासासाठी कंपनीने केलेली याचिका मंजूर आहे, पण देशाच्या कोट्यामुळे नंबर लागत नाही? मग एका वेळी 3 वर्षांपर्यंत मुदतवाढ घ्या. ही वाट म्हणजे आडोसा होता. पाव शतक झाले, लोकांनी त्या आडोशात संसार थाटले.

नंबर का लागत नाही? नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डे. त्यात एका देशाला सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांची मर्यादा. भारताला 7 आणि आइसलँडलाही 7. त्या आख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही.

याला समान न्याय म्हणायचे?

डिसेंबर 2025 मध्ये ईबी-2 या वर्गात भारतीयांची रांग मे 2013 च्या तारखेवर होती. अमेरिकेतल्या कॅटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेने 2023 मध्ये मोजले, तेव्हा नोकरीच्या रांगेत 18 लाख प्रकरणे तुंबलेली होती. त्यातली 11 लाख भारतीयांची. रांग एकच, पण ताटकळतो मुख्यतः आपलाच माणूस.

बरे, मुदतवाढीचा अर्ज कोण करतो? कंपनी. मुलगा नव्हे. नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा गाशा गुंडाळायला जास्तीत जास्त 60 दिवस. कर भरायचा त्याने, घराचे हप्ते त्याचे, आणि मुक्काम साहेबाच्या सहीवर.

आता तो कागदच हातात घ्या. आय-797 मंजुरीपत्र. तळाशी कापून ठेवायचा एक छोटा तुकडा, आय-94. त्यावरची तारीख म्हणजे राहण्याची मुदत. पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा ही वेगळी गोष्ट. त्यावरची तारीख दारातून आत शिरण्यापुरती. मुदतवाढीने पहिली तारीख पुढे सरकते. दुसरी जिथल्या तिथे.

म्हणजे मुलगा तिथे कायदेशीर राहू शकतो. पण दुसरी तारीख उलटली असताना भंडाऱ्याला आला, तर व्हिसाचा नवा शिक्का घेतल्याशिवाय परत जाऊ शकत नाही.

आणि शिक्का कुठे? वरठीला विदर्भ एक्सप्रेस धरा, मुंबई गाठा, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत द्या. 15 डिसेंबर 2025 पासून एच-1बीवाल्यांच्याही समाजमाध्यमांवरच्या खात्यांची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या मुलाखती महिनोन् महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुटीवर आलेली माणसे इथेच अडकली. नोकरी तिकडे, मुलांची शाळा तिकडे, आणि बाप इकडे तारखेची वाट बघतोय.

म्हणून आई फोनवर “केव्हा येशीन बाबू?” विचारते, तेव्हा तिकडे शांतता पसरते. त्याला माया नाही, असे म्हणणाऱ्यांनी आधी त्याचा पासपोर्ट बघावा.

सर्वांत वाईट पुढेच आहे. आई-वडिलांच्या व्हिसावर तिथे वाढलेले मूल 21 वर्षांचे झाले की त्याचा एच-4, म्हणजे आश्रिताचा, दर्जा संपतो. नंबर लागायच्या आत वय उलटले, तर बापाच्या अर्जातूनही ते बाहेर पडते. पऱ्ह्यासाठी 21 दिवस, पोरासाठी 21 वर्षे. शेतकरी पऱ्ह्याची तारीख चुकवत नाही. अमेरिकेची संसद पोरांची चुकवते.

उपाय सुचलाच नाही, असेही नाही. देशनिहाय मर्यादा उठवणारे विधेयक जुलै 2019 मध्ये प्रतिनिधिगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झाले. डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनेही आपला मसुदा मंजूर केला. दोन मसुद्यांचा एक कायदा झालाच नाही. दोन्ही घरांनी होकार दिला आणि लग्न मोडले!

तोवर हाती काय? मुदत संपण्याआधी 6 महिन्यांपासून अर्ज करता येतो, कंपनीच्या मागे लागा. अर्ज मुदतीत पोहोचला, तर निर्णय येईपर्यंत 240 दिवस काम चालू ठेवता येते. पासपोर्टची मुदतही तपासा. तो लवकर संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-94 तेवढ्यापुरतीच देऊ शकतो, आणि मंजुरीपत्रावरची लांबची तारीख कपाटातच राहते.

आणि घरच्यांनो, पेढे जरूर वाटा. पण “पक्का झाला का?” हा प्रश्न पोराला विचारू नका. तो ज्यांना विचारायचा, ते वॉशिंग्टनमध्ये बसलेत. आपल्या सरकारने व्यापाराच्या प्रत्येक बैठकीत तो त्यांच्यापुढे टाकला पाहिजे. माल कोणत्या दराने जाईल यावर तास न् तास बोलता, मग माणसे किती वर्षे ताटकळतील यावर का नाही?

पऱ्ह्याला पाणी देत राहिले तर ते जगते. पण बांधी रिकामीच राहते.