वाचा सविस्तर

संध्याकाळी रांजणगावच्या कारखान्यांच्या शिफ्ट सुटतात, सणसवाडीकडून कंटेनरांची रांग येते आणि शिक्रापूरच्या चाकण चौकात सगळं ठप्प होतं. हे रोजचं आहे. पण आमच्या संपादकांच्या हाती पडलं की त्याची बातमी अशी होते : ‘चाकण चौकात आज जे घडलं ते पाहून तुमचाही विश्वास बसणार नाही! वाचा सविस्तर...’ सविस्तर उघडावं तर आत तीन ओळी आणि गेल्या दिवाळीतला फोटो. फोटोत आकाशकंदील दिसतो.

गावानं त्यांचं नावच ‘सविस्तर’ ठेवलंय. तोंडावर ‘संपादक’ म्हणतात, पाठ फिरली की “सविस्तर आलं होतं का रं?” वय चाळिशीच्या आसपास, मोटारसायकलवर पुढे-मागे ‘प्रेस’, खिशाला दोन पेनं. पैकी एक चालतं. पोर्टलच्या नावात अख्खा महाराष्ट्र आहे. बातम्या मात्र कोरेगाव भीमाला सुरू होऊन कोंढापुरीला संपतात. मुख्य संपादक ते स्वतः, उपसंपादक भाचा आणि कार्यकारी संपादक वहिनी. वहिनींनी ग्रुप म्यूट केलेला आहे.

पहाटे उठून ते देवाआधी व्ह्यूज बघतात. आकडा चढला तर चहात साखर जास्त. उतरला तर भाच्याची खैर नाही. “सर,” ते मला म्हणाले, “बातमी कुणीबी लिहील. हेडिंगात अर्धं सांगायचं अन् अर्ध्यासाठी माणूस तडफडला पाहिजे.” या शास्त्रात त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे अवतरणातला ‘त्या’. ‘शिरूर तालुक्यातील ‘त्या’ सरपंचाची खुर्ची जाणार?’ असं त्यांनी एकदा रात्री सोडून दिलं. सकाळी एकामागून एक सरपंचांचे फोन. प्रत्येकाचा प्रश्न एकच : मीच का? आणि प्रत्येकाचे विरोधक लिंक उघडून बघत होते, ते वेगळंच. त्या दिवशी आकडा असा चढला की सविस्तरांनी चौकात भेळ वाटली. खुर्ची कुणाची जाणार होती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बिबट्यानं मात्र त्यांना दगा दिला. इकडे उसाच्या फडात बिबट्या निघणं ही गंमत नाही. संध्याकाळनंतर बाया एकट्या रानात जात नाहीत. सविस्तरांनी ‘शिक्रापूर परिसरात बिबट्याची दहशत, पाहा थरारक फोटो’ म्हणून इंटरनेटवरून एक जनावर आणून लावलं. मागे पिवळं गवत, मैलभर झाड नाही. चहाच्या टपरीवर एका तात्यांनी चष्मा वर करून मोबाइल नाकाशी धरला.

“संपादक, ह्यो चित्ता हाय.”

“तात्या, लांबून तसं वाटतंय.”

“अरं, डोळ्यापासनं तोंडापतुर काळी रेघ बघ की. अन् अंगावर नुसतं टिपकं हायती. बिबट्याच्या अंगावर फुलं असत्यात. माझी शेळी नेली त्यानं, मला इचार.”

कुनोच्या जंगलात २०२२ साली नामिबियातून चित्ते आणले, त्यातलाच एखादा मध्य प्रदेशातून चालत आला असेल, असं सविस्तरांनी सुचवून पाहिलं. टपरीवाल्यानं उधारीची वही काढली, तसे ते उठले.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. लोक हेडिंग वाचतात, त्यावर टपरीवर तासभर भांडतात, पण लिंक उघडत नाहीत. वर ग्रुपवर कुणीतरी लिहितो, ‘लिंक नको, बातमी इथंच टाका.’ त्यात व्हॉट्सॲपनं २०१८ साली एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. अफवांनी माणसं मारली जात होती, म्हणून घातली. सविस्तर ती स्वतःविरुद्धची कारवाई समजतात. त्यावर तोडगा म्हणून भाचा, मेहुणा आणि सासरे यांचे मोबाइल कामाला लावले. सासरे चुकून दशक्रियेच्या बातमीखाली ‘हार्दिक शुभेच्छा’ टाकून बसले. तेव्हापासून तिकडचं पाहुणपण बंद आहे.

दर ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, त्यांचं भाषण असतं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं, इथपर्यंत ठीक. पण ते १८४० साली का बंद पडलं, तर ‘रीच कमी होता’, हे त्यांचं संशोधन. शिक्रापूरवरून जाणाऱ्या याच रस्त्यानं नगर ओलांडून गेलं की नेवासे तालुक्यातलं तरवडी. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेलं ‘दीनमित्र’ कितीतरी वर्षं त्या खेड्यातून निघायचं, शेतकऱ्यांसाठी. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “सबस्क्रायबर किती होते?” प्रश्न तसा चुकीचा नव्हता, वर्गणी मुकुंदरावांनाही लागतच असणार.

आणि मग म्हैस हरवली.

सविस्तर त्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याला लग्नात होते. एका आजींनी भाच्याला गाठून सांगितलं, आणि त्यानं ते जसंच्या तसं टाकलं : ‘काल सांजच्याला पाबळ चौकातून म्हैस गेली. मुऱ्हा. डावं शिंग मोडकं, कानाला पिवळा बिल्ला. नाव सोनी. हाक मारली की थांबती.’ उद्गारचिन्ह नाही, ‘त्या’ नाही, सविस्तर नाही. सगळ्यांनी उघडलं. लोक वेळ नदीच्या काठानं ‘सोनीऽ’ करत फिरले. खोल्यांवर राहणारी कंपनीतली विदर्भ-मराठवाड्याची पोरंही नाईट शिफ्टवरून येताना वाकून वाकून शिंगं बघत होती. दुसऱ्या दिवशी सोनी एका गोठ्यात पेंड खाताना सापडली.

पोर्टल काढल्यापासून एवढा आकडा कधी आला नव्हता. मला वाटलं, आता तरी माणूस चासकमानच्या आवर्तनाची तारीख, चाकणचा कांद्याचा भाव असलं साधंसरळ टाकायला लागेल. सविस्तर रात्रभर विचार करत होते. सकाळी निष्कर्ष निघाला : म्हैस चालते.

‘सोनी परतली, पण...’ हा पहिला भाग. ‘सोनीच्या ‘त्या’ रात्रीचं गूढ कायम’ हा दुसरा. तिसऱ्या दिवशी ‘घरी येताच सोनी जे म्हणाली, ते ऐकून मालकिणीच्या डोळ्यात पाणी! वाचा सविस्तर...’

दुपारी आजी काठी टेकत पोर्टलच्या कार्यालयात, म्हणजे भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात आल्या.

“काय रं बाबा, माजी म्हस काय म्हणली?”

“आजी, लिंक उघडा की.”

“नातवानं उघडून दावली. आत नुसती जाहिरात हाय, सरकी पेंडीची.” आजी बाकावर टेकल्या. “ती कुठं मिळती, तेवढं सांग.”