वाचन प्रेरणा दिन : साहित्य, कृती व अहवाल

वाचन प्रेरणा दिन हा महाराष्ट्रातील शाळांत दरवर्षी 15 ऑक्टोबरला साजरा होणारा उत्सव असून फोटो निघेपर्यंत तो चालतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस राज्य शासनाने 2015 पासून वाचनाला जोडला. खुद्द कलाम लहानपणी रामेश्वरमला धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करीत. त्याचा अहवाल मात्र त्यांच्याकडे कोणी मागितल्याची नोंद नाही.

उत्सवाला प्रतिमा, हार, रंगीत खडू, जिओ टॅगिंगचा मोबाइल आणि पुस्तके लागतात. पुस्तके लोखंडी कपाटात असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही हवीत. कपाटाच्या कुलपाविषयी कायदा काही बोलत नाही, म्हणून शाळा सावध राहतात. ते बरोबरही आहे. पुस्तक नोंदवहीत चढले की ते शाळेची मालमत्ता होते. मग फाटले, हरवले तर खुलासा, निर्लेखनाचा प्रस्ताव, तपासणीतला शेरा हे सगळे मुख्याध्यापकांच्या मागे लागते. न वाचलेल्या पुस्तकाचा खुलासा कोणी मागत नाही. त्यामुळे ‘फास्टर फेणे’ जिथे कोराकरकरीत, ती शाळा दप्तराच्या दृष्टीने आदर्श. क्वचित एखाद्या बाई पुस्तके वर्गात दोरीवर टांगून ठेवतात. पोरे डबा खाताखाता वाचतात, बन्या फेणे ऐन संकटात असताना त्या पानावर मटकीच्या रश्श्याचा डाग पडतो, आणि तपासणीत तो डाग बाईंच्या खात्यावर जमा होतो.

परिपाठानंतर मुले पटांगणात रांगेने बसतात. पुढच्या रांगांना गोष्टीची पुस्तके, मधल्यांना ‘किशोर’चे जुने अंक आणि साठा संपला की मागच्यांना आपापला भूगोल मिळतो. सगळ्यांनी माना खाली घातल्या की फोटो काढतात. कोणाचे पुस्तक उलटे दिसल्यास पुन्हा काढतात. गोष्टीतला चोर सापडायला दोन पाने उरली असताना घंटा होते आणि पुस्तके गोळा केली जातात. मग ‘या पुस्तकातून मी काय शिकलो’ यावर पाच ओळी लिहायच्या असतात. भूगोलवाल्यांना ते सोपे जाते, कारण स्वाध्याय पाठामागेच छापलेला असतो.

अहवाल त्याच दिवशी लिंकवर भरावा लागतो. ‘वाचन केलेले विद्यार्थी’ या रकान्यात पटसंख्या टाकण्याची पद्धत असल्याने त्या दिवशी तापाने घरी झोपलेली मुलेही वाचून होतात. लिंक न भरलेल्या शाळांची यादी केंद्रप्रमुख ग्रुपवर टाकतात. या यादीइतके मन लावून वाचले जाणारे मराठी साहित्य त्या दिवशी दुसरे नसते.

घरातली जबाबदारी पालक मोबाइलवरून मान वर न करता ‘पुस्तक वाच जरा’ असे सांगून पार पाडतात. वाढदिवसाला ‘श्यामची आई’ भेट देतात. सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग संध्याकाळी उघडा असतो, पण तीच शिकवणीची वेळ. उरतो तो महाबळेश्वरजवळचा भिलार. 2017 पासून पुस्तकांचे गाव झालेल्या भिलारमध्ये घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत, ती फुकट वाचता येतात आणि नंतर पाच ओळी लिहाव्या लागत नाहीत. पालक मुलांना हौसेने तिथे नेतात, पाटीपाशी फोटो काढतात आणि स्ट्रॉबेरी घेऊन अंधार पडायच्या आत घाट उतरतात.