वृक्षांच्या नावे आलेले टपाल

मेलबर्न,
आषाढ शुद्ध पंचमी

तीर्थरूप काकांच्या चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले कृपापत्र पावले. दूरध्वनीवर झालेले संभाषण दप्तरी दाखल होत नाही, सबब ते झालेच नाही असे समजावे, हा महसूल खात्यात उभी हयात घालवून आपण घालून दिलेला दंडक मला शिरसावंद्य असल्यामुळे, दर रविवारी आपला आवाज ऐकत असूनही येथील क्षेमकुशल पुन्हा लेखी कळवीत आहे. सर्व मंडळी खुशाल आहेत. थंडी मात्र कडाक्याची पडली असून, आपल्याकडे पेरण्यांची धांदल चालू असता येथे एल्मची झाडे पाने गाळून उघडीबोडकी उभी आहेत. आपण पृच्छा केली आहे की, ज्या गावी रस्ते झाडलेले, नळांना पाणी आणि गुरे मोकाट नाहीत, तेथील नगरपालिकेच्या कारकुनांनी दिवसभर करावे तरी काय? उत्तर वाचून आपणास चष्मा पुसून हा मजकूर पुनश्च वाचावा लागेल. तथापि तो अक्षरशः सत्य आहे. त्यांपैकी काही जण झाडांना आलेल्या पत्रांची उत्तरे देतात.

हकीगत अशी की, येथील नगरपालिकेच्या अखत्यारीत रस्त्यांच्या कडेची व उद्यानांतील मिळून सुमारे ७०,००० झाडे आहेत. २०१३ साली नगरपालिकेने त्यांचा नकाशा लोकांस खुला केला. प्रत्येक झाडास स्वतंत्र क्रमांक दिला. नकाशावर त्या ठिपक्यावर बोट ठेवले असता झाडाची जात कळावी, त्याचे आयुष्य अजमासे किती उरले आहे हे रंगावरून ताडता यावे, आणि खाली त्याच झाडाच्या नावे ईमेल धाडता यावी, अशी तजवीज केली. हेतू निव्वळ कारकुनी होता. कोठे फांदी मोडली, कोठे खोड पोखरले, कोठे मुळांनी फरसबंदी उचलली, याची वर्दी नागरिकांनी अमुक क्रमांकाच्या झाडाखाली द्यावी, म्हणजे माणूस पाठविणे सोपे. वर्द्या आल्याही, परंतु त्यांच्याबरोबर जे आले ते कोणत्याही परिपत्रकात बसणारे नव्हते. लोकांनी झाडांना प्रेमपत्रे लिहिली! कोणी आपण रोज तुझ्या सावलीतून कचेरीस जातो म्हणून आभार मानले, कोणी परीक्षेची भीती कळविली, कोणी सौंदर्याची तारीफ केली. आणि या नगरात कधी पाऊलही न ठेवलेल्या परदेशस्थांनी सातासमुद्रापलीकडून चौकशीची पत्रे धाडली. एका जिज्ञासूने एका यूकॅलिप्टस जातीच्या झाडास, आपण श्रीयुत की श्रीमती, असे सरळ विचारले. त्यावर झाडाच्या वतीने उत्तर गेले की, माझ्या फुलांत स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असल्यामुळे मी या दोहोंपैकी कोणीच नव्हे. आता बोला! वनस्पतिशास्त्राचा हा धडा शाळेत छडी खाऊनही माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

हे वाचून आपण हसाल, आणि नंतर, मला खात्री आहे, गंभीर व्हाल; कारण यातील मर्म जितके आपणास उमगेल तितके येथील कवींस उमगणार नाही. लोकांना वृक्षांविषयी प्रेम वाटावे म्हणून भाषणे झडतात, फलक लागतात, मंत्र्यांच्या हस्ते रोपे लावली जातात (आणि पुढील वर्षी त्याच खड्ड्यात नवी लावली जातात, हा आपला शेरा मी विसरलेलो नाही). आपल्याकडे कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, त्यालाही आता पाऊणशे वर्षे झाली. परंतु ‘वृक्ष’ म्हणून जे काही सर्वसाधारण असते त्यावर माया जडत नाही. माया जडते ती अमुक क्रमांकाच्या, अमुक कोपऱ्यावरच्या, डावी फांदी किंचित कलती असलेल्या एका विवक्षित झाडावर. सातबाराच्या शेऱ्यात ज्या आंब्याची नोंद असते तो आंबा तोडताना जाब द्यावा लागतो, हे आपण जन्मभर पाहिलेत. पण नोंद झालेल्या झाडास माणसे ख्यालीखुशाली विचारू लागतात, हा त्या नोंदीचा दुसरा गुण मी येथे प्रथम पाहिला.

नगरपालिकेस ही उपरती एकाएकी झाली नाही. १९९७ पासून २००९ पर्यंत या मुलखात जे अवर्षण पडले त्यात बागांचे पाणी तोडले गेले, हिरवळी करपल्या, आणि एकोणिसाव्या शतकात लावलेली वयोवृद्ध झाडे एका पिढीतच पाठोपाठ जाणार हे स्पष्ट झाले. त्यांत एल्मचे दुःख विशेष. युरोपात आणि अमेरिकेत एका बुरशीने एल्मची अक्षरशः लक्षावधी झाडे मारली; ती बुरशी या खंडात अद्याप न पोहोचल्यामुळे, जे वृक्ष आपल्या मायदेशी नामशेष होत आले त्यांच्या भव्य कमानी पाहण्यास आज मेलबर्नला यावे लागते. सबब २०१२ साली असे धोरण ठरले की, सार्वजनिक जागांवरील वृक्षच्छाया २२ टक्के आहे ती २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर न्यावी, आणि एकाच रोगाने सारा संसार उधळू नये म्हणून एका जातीची झाडे ५ टक्क्यांहून, एका प्रजातीची १० टक्क्यांहून आणि एका कुलातील २० टक्क्यांहून अधिक असू नयेत. हा नियम आमच्या येथील मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस लागू केल्यास उद्याच कोरमचा प्रश्न उभा राहील.

धोरण ठरविल्यावर विभागवार सभा भरवून रहिवाशांस विचारण्यात आले की, आपल्या गल्लीत झाडे कशी हवीत? आणि मग, काका, वादास जो रंग चढला तो आपल्या ग्रामसभेसही लाजविणारा. एक पक्ष म्हणतो, झाडे याच मातीतील हवीत. दुसरा म्हणतो, आजोबांनी लावलेल्या एल्मवाचून ही गल्ली आमची वाटणार नाही. मूळच्या वुरुंजेरी लोकांखेरीज येथील प्रत्येक मनुष्य कोणत्या ना कोणत्या जहाजातून वा विमानातून उतरलेला, त्याने एल्मला उपरा ठरवावे यात मौज आहे. मी हळूच सांगितले की, आमच्या बांधावरची नीलगिरी आपल्याच देशाची, आणि ती विहीर आटविते म्हणून आमचे काका आपल्या देशास आजतागायत दूषणे देतात. त्यावर एका वृद्ध बाईंनी सांगितले की, १८५७ ते १८७३ या काळात येथील वनस्पतिउद्यानाचे संचालक असलेल्या फर्डिनांड फॉन म्यूलर या जर्मन विद्वानाने नीलगिरीचे बी जगभर वाटले, तेव्हा दोष द्यायचाच तर जर्मनीस द्यावा.

सर्वच पत्रे प्रेमाची असतात असे मात्र समजू नये. प्लेन नावाचे एक झाड रस्तोरस्ती आहे. अंगावरची साल चकत्याचकत्यांनी उतरवून ते उभे असते. आपल्या आश्विन-कार्तिकात, म्हणजे येथील वसंतात, त्याच्या कोवळ्या पानांवरची आणि फळांची लव वाऱ्यावर उडू लागली की निम्मे शहर डोळे चोळीत शिंकू लागते. आपल्या सूनबाईने गतवर्षी आमच्या दारासमोरील प्लेनला कडक शब्दांत समज देण्याचा विचार केला होता. मात्र माघाच्या अखेरीस पारा चाळिसावर गेला तेव्हा त्याच प्लेनखाली मोटार उभी करण्यासाठी तिने शेजारणीशी हुज्जत घातली, आणि तो अर्ज आपोआप निकालात निघाला. प्लेनच्या शत्रूंपेक्षा भयंकर प्राणीही या शहरात आहेत. वनस्पतिउद्यानात रेड गम जातीचा एक वृक्ष होता, शहराहून कितीतरी जुना. १५ नोव्हेंबर १८५० रोजी व्हिक्टोरिया प्रांत न्यू साउथ वेल्सपासून विभक्त होणार असल्याच्या वार्तेचा उत्सव लोकांनी त्याच्याखाली केला होता. २०१० साली आणि पुन्हा २०१३ साली कोणा नराधमांनी रात्री त्याच्या खोडाची साल भोवताली कापून काढली, आणि २०१५ साली तो अखेर उतरवावा लागला. यावर विनोद करणे मला साधत नाही.

चि. नातीचे आपण आवर्जून विचारले आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी येथे राष्ट्रीय वृक्षदिन पाळतात आणि त्याआधीच्या शुक्रवारी शाळांचा; त्याच्या पूर्वतयारीस तिच्या वर्गाला शाळेने एकेक झाड नेमून दिले आहे. तिच्या वाट्यास एक एल्म आला असून, त्याचा घेर सुतळीने मोजणे, त्यावर कोणते पक्षी व किडे येतात ते वहीत टिपणे, आणि खोडावर कागद धरून खडूने सालीचा ठसा उतरविणे, ही कामे ती गृहपाठ टाळून करते. त्या एल्मच्या खोडाभोवती, माणसाच्या छातीच्या उंचीस, हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्र्याचा पट्टा ठोकलेला आहे. तो दागिना नव्हे. येथे पॉसम नावाचा शेपटीवाला निशाचर आहे. तो कोवळी पालवी ओरबाडून झाड बोडके करतो, आणि पत्र्यावर त्याची नखे ठरत नाहीत म्हणून हा बंदोबस्त. त्यास मारण्याची सोय नाही, कारण येथील वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. तो कायदा १९७५ चा, आणि आपल्या महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदाही १९७५ चाच, हा योगायोग आपल्या संग्रही असावा. झाडावर मज्जाव झालेला पॉसम रात्री आमच्या कौलांवर संचार करतो. त्याच्या नावे तक्रार नोंदविण्यास मात्र क्रमांक नाही.

आपणास विशेष संतोष देणारी बाब निराळीच आहे. बांधकामासाठी कोणास नगरपालिकेचे झाड काढावयाचे असेल, आणि परवानगी मिळालीच, तर त्याचे मूल्य भरावे लागते. ते सरपणाच्या भावाने नव्हे. खोडाच्या जाडीवरून मूळ आकारणी ठरते, आणि तिला जात, शोभा, ठिकाण व प्रकृती या चार गुणकांनी गुणतात. जमिनीची प्रतवारी लावून आकार बसविण्याची आपली पद्धत झाडास लावलेली पाहून मला येथे प्रथमच परके वाटेनासे झाले.

आता वटपौर्णिमेचे वर्तमान सांगून पत्र आटोपतो. वड येथे नाही. परंतु त्याचा सख्खा भाऊबंद, मोरटन बे फिग, फिट्झरॉय उद्यानात आहे. पानाची वरची बाजू गर्द हिरवी, खालची गंजल्यासारखी तांबूस, तोडले की तोच पांढरा चीक. पारंब्यांचे वैभव नसले तरी जमिनीवर भिंतीसारखी उठलेली मुळे अशी की फेरे घालणारणीने लुगड्याचा काठ सांभाळावा की पाय, हा प्रश्न पडावा. मंडळातील सुवासिनी पैठण्यांवर लोकरी कोट आणि डोक्यावर कानटोप्या चढवून सकाळीच जमल्या. बुंध्याचा घेर इतका अवाढव्य की आपल्याकडून आणलेले रीळ दुसऱ्या फेऱ्यातच संपले आणि पुढील फेरे कोणा दूरदर्शी भगिनीच्या पिशवीतील लोकरीच्या गुंड्यावर भागवावे लागले. इतक्यात कुत्रा फिरवीत एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी टोपी काढून चौकशी केली. सूनबाईने सावित्रीची कथा, यमाच्या पाठलागासह, सविस्तर ऐकविली. गृहस्थांनी पतिवर्गाकडे, म्हणजे बाकांवर बसून चहा पिणाऱ्या आम्हां सर्वांकडे, दृष्टी फिरवून अत्यंत सहानुभूतीने विचारले, “यांच्यापैकी आजारी कोण?” एवढ्यात त्यांचे कुत्रे लोकरीसह अर्धी प्रदक्षिणा घालून मुळांत अडकले, ते सोडविण्यास तिघी सुवासिनी लागल्या, आणि त्यांपैकी एकीने ‘त्यालाही जन्मोजन्मी हेच मालक मिळोत’ असा आशीर्वाद दिला. पूजा आटोपल्यावर सूत व लोकर उलगडून गोळा केली, कारण झाडास फास बसता कामा नये, ही समज येथे शेंबड्या पोरासही आहे. गृहस्थ मात्र जाईनात. त्या झाडाखालून आपण तीस वर्षे जात आहो, पण त्याच्याशी कोणाचे काही नाते असू शकते हे आज कळले, असे म्हणून त्यांनी खिशातील यंत्रावर त्याचा क्रमांक शोधून काढला, आणि चि. नातीने त्याच जागी त्या फिगला एक ईमेल लिहून, आज झालेल्या गडबडीबद्दल दिलगिरी, सर्व काकवांचा नमस्कार, आणि पुढील वर्षी पुन्हा येणार असल्याची आगाऊ सूचना दिली. उत्तराची वाट ती दिवसातून अनेकदा पाहते.

यावरून एक तसदी देतो. वर उल्लेखिलेल्या महाराष्ट्राच्या कायद्याने वृक्षगणना हे आपल्या नगरपालिकेचेही कर्तव्य आहे. तरी कचेरीत आपल्या ओळखीचे कोणी असल्यास वाड्यापुढील चिंचेची नोंद झाली आहे किंवा कसे, आणि झाली असल्यास तिचा क्रमांक काय, हे परतटपाली कळवावे. क्रमांक नसल्यास आपणच आपल्या वळणदार अक्षरात एक पाडून द्यावा. नात चिंचेस पत्र लिहिण्यास अधीर झाली आहे. चिंचेच्या वतीने उत्तर देण्याचे काम अर्थातच आपणाकडे येईल. मजकूर काय लिहावा हे मी सांगणे धारिष्ट्याचे होईल. फक्त ‘अर्ज मुदतीबाहेर, सबब निकाली’ असा शेरा मारू नये, इतकीच विनंती.

ती. सौ. काकूंस सा. नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विज्ञापना.

आपला आज्ञाधारक
पुतण्या