पाठीचा कणा, जावक क्रमांकासह

माझी पुतणी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात नोकरीला लागली आणि रुजू झाली त्याच आठवड्यात एक बाई टेप घेऊन तिच्या टेबलाशी हजर. खुर्चीची उंची, डोळ्यांपासून स्क्रीनचं अंतर, पाय जमिनीला टेकतात की लोंबकळतात, सगळं मोजून गेली. "काका, इथे 1992 चा तसा नियमच आहे," पुतणी व्हिडिओ कॉलवर सांगत होती. "रोज तासतासभर सलग स्क्रीनसमोर बसणाऱ्याची जागा मालकाने तपासायची, मधे उठायला सवड द्यायची, आणि मागितली तर डोळ्यांची तपासणीसुद्धा त्याच्याच खर्चाने." मग तिने मला निरखलं. "पण तुम्ही असे कासवासारखी मान काढून का बसलाय?"

मी घोटीचा. जवळच्याच एका कॉलेजात लिपिक. नाव विचारू नका, निवृत्तीला अवकाश आहे. इगतपुरी तालुक्यात पाऊस धो धो कोसळत असतो, नेमके तेच प्रवेशाचे दिवस. सकाळपासून डोळे स्क्रीनला आणि कान खिडकीला. माझ्या खुर्चीला चाकं पाच हवीत, आहेत चार. त्यामुळे मी मधूनच डावीकडे कलतो. पालकांना वाटतं, भाऊसाहेब काहीतरी हळूच सांगायला झुकले, आणि ते बिचारे खिशात हात घालतात.

खुर्ची बदलून मिळावी म्हणून मी रीतसर टिपणी सादर केली. अधीक्षक म्हणाले, "जुनी डेडस्टॉकला आहे. तिचं निर्लेखन झाल्याशिवाय नवी नाही." निर्लेखन कोण करणार? समिती. समिती कुठे आहे? तिचे सचिव निवृत्त होऊन गावी शेती करतात.

मग मी कायद्यात शिरलो. ज्याला खुर्ची मिळत नाही त्याने कायद्यात शिरू नये, पण शिरलो. 1948 चा कारखाना अधिनियम तेव्हा लागू होता. पुढे त्याची जागा 2020 च्या संहितेने घेतली. त्या जुन्या अधिनियमातलं कलम 44 सांगायचं की, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी. आम्ही बसूनच मोडलो, त्याचं कलम सापडेना. कलम 35 डोळे जपायचं, पण उडणाऱ्या कणांपासून आणि प्रखर उजेडापासून. परीक्षेच्या अर्जांपासून नव्हे. आणि 1987 च्या दुरुस्तीने तर माझा निकालच लावून ठेवलेला : नुसता संगणक बसवला म्हणून जागा कारखाना ठरत नाही. घोटीतल्या राइस मिलमध्ये मोटार लावून ठरावीक संख्येने माणसं राबली की तो कारखाना. म्हणजे मिलमधला कामगार कायद्याच्या छपराखाली, आणि त्याच्या पोराचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा मी भर पावसात उघड्यावर!

हे सगळं कलमांसकट टिपणीत घातलं. वरून उत्तर आलं ते आदेशाच्या रूपात : मी 'संगणक कक्ष आरोग्य व सुरक्षा समन्वयक'. मानधन नाही. खुर्चीची मागणी आता मी माझ्याकडेच करायची होती, आणि ती मंजूर करायचे अधिकार मला नव्हते.

पण पद मिळालं की माणूस बसत नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, म्हणून मॉनिटरखाली जुनी जनरल रजिस्टरं रचली. कापडी बांधणीची, जाडजूड, वाळवीलाही न पेललेली. पायाखाली घरी न्यायला आणलेला इंद्रायणीचा कट्टा सरकवला. छान टेकले पाय. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या आणि कप तसाच धरून उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, अन्नाला पाय लावता?" कट्टा गेला, चहाही गेला. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद पाहावं, असंही डॉक्टर सांगतात. माझ्यापासून 20 फुटांवर प्राचार्यांचं दार आहे. दुपारपर्यंत ते दोनदा बाहेर येऊन "काही काम होतं का?" विचारून गेले.

उठायची सवड मात्र विजेने दिली. ती गेली की यूपीएस किंचाळतो, अख्खं कार्यालय उठून आळोखेपिळोखे देतं. इंग्लंडात यासाठी नियम करावा लागला.

आणि मग एक गृहस्थ आले. दाखला हरवलेला, दुय्यम प्रत हवी. साल 1994. ते रजिस्टर सगळ्यांत तळाशी होतं. वरची उतरवून ठेवण्याइतका वेळ खिडकीवरच्या रांगेला नव्हता, म्हणून मी तळाचं ओढलं. मॉनिटर माझ्याकडे निघाला. मी त्याला कवटाळला, खुर्ची सवयीने डावीकडे गेली. मॉनिटर शाबूत राहिला. माझ्या कमरेत मात्र अशी उसण भरली की मावशींनी आणि त्या गृहस्थांनी मिळून मला सरळ केलं. दाखला त्यांनी त्यानंतरच मागितला, हा त्यांचा मोठेपणा.

रजेचा अर्ज दिला. अधीक्षक म्हणाले, कार्यालयातला अपघात आहे, सुरक्षा समन्वयकांचा अहवाल जोडा. गादीवर पालथा पडून अहवाल लिहिला. 'अपघातास जबाबदार' या रकान्यात '1994 चे जनरल रजिस्टर' असं प्रामाणिकपणे भरलं. त्यावर साहेबांचा शेरा आला : सदर रजिस्टर मॉनिटरखाली कोणी ठेवले, समन्वयकांनी संबंधितांकडून लेखी खुलासा घ्यावा.

तसं पत्र मी मला काढलं आहे. जावक क्रमांक पडला. आवकला नोंद व्हायची राहिली आहे, कारण आवक माझ्याकडे असते आणि मी रजेवर आहे.